उद्यासाहेबांची शिकवणी

माझ्या भावाला त्याच्या धंद्यातली माणसं 'उद्यासाहेब' म्हणायची. तो लिफ्ट बसवायचा आणि दुरुस्त करायचा. इमारत रंगवून तयार, लोक सामानसुमान घेऊन खाली ताटकळलेले, बिल्डरचा माणूस घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालतोय आणि दादा हात पुसत म्हणणार, "उद्या." लिफ्ट वर-खाली होतेय, दिवे लागतायत, दारं उघडतायत, तरी उद्याच. कारण वजनं टाकून चाचणी राहिलेली असायची. लोखंडी वजनं आत रचायची, पूर्ण भार झाला की लिफ्ट वरच्या मजल्यावरून खाली सोडायची, मध्येच थांबवून ब्रेक धरतो का बघायचं, मग वजनं काढून आधी स्वतः आत उभं राहायचं. त्याआधी कुणी आत पाऊल टाकलेलं त्याला खपत नसे. एकदा एक गलेलठ्ठ वकील वैतागून म्हणाले, "मीच उभा राहतो, करा माझ्यावर चाचणी." दादा शांतपणे म्हणाला, "लिफ्टचे सुटे भाग मिळतात हो. तुमचे कुठून आणू?"

मी त्याची धाकटी बहीण. मला तो ठिणगी म्हणतो, आणि ते उगाच नाही. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर माझा जन्म गेला. तिथे समोरचा माणूस काय म्हणतोय हे त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळावं लागतं, त्यामुळे मला अर्ध्यातच बोलायची सवय आहे, आणि दादाला पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी. वहिनी गेली तेव्हा मी माझी भाड्याची खोली सोडून त्याच्याकडे राहायला आले. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे, फक्त जेवणापुरतं थांबतं.

त्याला एकच मुलगा. बापाच्याच हाताखाली काम शिकला, परदेशात लिफ्टच्याच कामावर गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला. त्यांना मुलगी झाली. रांगायला लागल्यापासून दिसेल ते बटण दाबायची, म्हणून भाच्याने तिला बटण म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. घरात सून तिच्या भाषेत बोलायची, भाचा आपल्या. बटणला दोन्ही यायच्या. सुनेला आपली भाषा कळत नव्हती, आम्हाला तिची नाही, आणि इंग्रजी म्हणाल तर तिन्हीकडे नन्नाचा पाढा. पण भाचा होता तोवर कुणाचं काही अडलं नाही.

मग एका दुपारी फोन आला. पडद्यावर सून, डोळे सुजलेले, आणि तिच्या मांडीवर बटण. तेव्हा ती सहा वर्षांची असेल. सून बोलत होती आणि बटण आम्हाला सांगत होती.

"आजोबा, आई म्हणते, बाबा पडले. कामावर. लिफ्टच्या खड्ड्यात."

दादा उठून उभा राहिला. "लागलंय का खूप? विचार आईला."

बटणने विचारलं. आईने एकच शब्द सांगितला आणि पोरीने तो तसाच्या तसा आमच्यापुढे ठेवला. "आई म्हणते, बाबा मेले."

दादाने विचारलं, "त्रास झाला का त्याला? विचार."

बटणने विचारलं. सून बराच वेळ बोलली, मध्येच थांबली, पुन्हा बोलली. बटण तिच्या तोंडाकडे बघत होती. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "आई म्हणते, काही दुखलं नाही. लगेच झालं."

नंतर कळलं ते एवढंच की इमारत उघडायची घाई होती. चाचणी राहिलेली लिफ्ट लोकांनी वापरायला सुरुवात केली, ती अडकली, तिला सोडवायला भाचा गेला. एक दिवस थांबले असते तर, असं दादा फक्त एकदा म्हणाला. पुन्हा कधीच म्हणाला नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त जड गेलं.

त्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं, "मी ती भाषा शिकणार."

"या वयात?"

"सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून तिच्या बापाचं मरण ऐकलं मी, ठिणगे. तिला बोलायला लावलं. यापुढे सूनबाईशी जे काही बोलायचं ते मी बोलणार. पोरीच्या डोक्यावर ओझं नको."

तेव्हा मला त्याचं म्हणणं पटलं होतं.

दर रविवारी बटणचा फोन यायचा. बापाने तिला पढवून ठेवलं होतं, त्यामुळे पडद्यावर तोंड दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय म्हणता, उद्यासाहेब?" अगदी भाच्याच्या थाटात, मान तिरकी करून. मग शाळा, मैत्रिणी, पडलेला दात, सगळं आपल्या भाषेत. बोलता बोलता ती हात असा झटकायची की मला भाचाच दिसायचा, तोही तसाच झटकायचा. शेवटी ती हमखास विचारायची, "तुम्ही कधी येणार?" आणि दादा म्हणायचा, "येणार, येणार. आधी शिकून घेतो."

शिकायला त्याने आमच्याच गावात एक शिकवणी लावली. वर्गात सगळी विशी-बाविशीतली मुलं, आणि मागच्या बाकावर हा, गुडघे बाकाखाली न मावणारा. वर्ष गेलं, भाषा काही चढेना. शिकवणाऱ्या मुलीने एक दिवस स्पष्टच सांगितलं, "काका, भाषा जिथे बोलतात तिथे जाऊन राहिल्याशिवाय तुम्हाला यायची नाही. इथे तासभर शिकता आणि उरलेला दिवस घरी जाऊन बहिणीशी भांडता." माझी कीर्ती तिथवर पोचली होती.

तोवर दादा निवृत्त झाला होता. हातात आलेल्या पैशातून म्हातारपणाचं बाजूला काढून जे उरलं त्यात परदेशाची एकच वारी बसत होती. दोनदा जाणं होणार नव्हतं. त्या मुलीने दोन वाटा सांगितल्या. एक, बटणच्याच शहरात शिकायचं. पण ते शहर महागडं. खोलीचं भाडं आणि शिकवणी मिळून पैसे महिन्याभरात संपले असते. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या गरीब देशातलं एक लहान गाव. भाषा तीच, बोलण्याचा हेल थोडा निराळा, आणि सगळं इतकं स्वस्त की सहा-आठ महिने सहज निघतील. शिकून झालं की तिथून बसने बटणच्या शहरात जायचं आणि उरलेल्या पैशांत आठवडाभर राहायचं.

आमचं या विषयावर जे वाजलं ते शेजाऱ्यांनाही पाठ झालं असेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसून, चहा निवेपर्यंत.

"बटणच्या शहरात जा," मी म्हणायचे. "शिक, नाहीतर शिकू नकोस. पोरगी आपलं बोलतेय तोवर जा. आता तिच्या कानावर आपली भाषा पडते कुठून? बाप गेला. उरलास तू, तोही रविवारचा."

"आणि महिन्याभरात काय येणार मला? पाणी द्या, दार लावा? सूनबाईपुढे बसून माझ्या पोराबद्दल विचारायचंय मला. ते काय हातवारे करून विचारू? की पुन्हा बटणला मध्ये बसवू?"

"मग नको विचारूस. नातीला मांडीवर घे आणि गप्प बस."

"अर्धवट काम मी कधी कुणाच्या हवाली केलेलं नाही."

"अरे, तू लिफ्ट चालू करत नाहीयेस."

"म्हणून तर जास्त जपायला हवं," दादा म्हणाला आणि कप उचलून विसळायला गेला.

त्याचं ठरलं होतं. घाईने त्याचा मुलगा नेला होता, आता घाई या शब्दाशीच त्याचं वैर होतं. मला हे कळत होतं, आणि तरीही त्याचा राग येत होता. तो स्वस्त गावाला गेला.

तिथली खोली त्याने मला फोनवरून फिरवून दाखवली होती. चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या एका विधवेच्या दुकानावरची, मागच्या अंगाची. लोखंडी पलंग, त्यावर मधोमध खोलगट झालेली गादी, भिंतीला ओल, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर समोरच्या घराची भिंत. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. खालून दिवसभर हातोडीची ठकठक आणि चामड्याच्या गोंदाचा वास. "लिफ्टच्या शाफ्टमध्ये राहिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला, आणि लगेच फोन वळवून मला पलंगाखालची पेटी दाखवायला लागला.

पण भाषा यायला लागली. सकाळी शिकवणी, दुपारी त्या चांभारीणबाईंच्या दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचं ऐकायचं. बाई बोलघेवड्या होत्या, चुकलं की हातोडीचा दांडा आपटायच्या. काही महिन्यांत दादा बाजारात भाव करायला लागला, बसवाल्याशी वाद घालायला लागला. मला फोनवर ती भाषा बोलून दाखवायचा. मला एक अक्षर कळत नसे, पण त्याच्या आवाजात जीव आला होता तो कळायचा. म्हणून मीही काही दिवस तोंड आवरलं.

मग त्याने ते केलं. रविवारी बटणशी तो तिच्या भाषेत बोलायला लागला.

मला हे उशिरा कळलं. तोच कौतुकाने सांगत होता, "बटण माझी मास्तरीण झालीय. माझा हेल ऐकून खो खो हसते. एकेक वाक्य सुधारून देते."

"आणि आपल्या भाषेत कधी बोलता?"

"सध्या नाही. सराव मोडतो."

"दादा, अरे, तुझ्याशिवाय तिला आपलं बोलायला कुणी नाही. तूच तिकडे वळलास तर ती कशाला इकडे राहील?"

"थोडे दिवस गं. एकदा पक्कं झालं की दोन्ही बोलू."

"आणि 'काय म्हणता, उद्यासाहेब'? ते म्हणते का अजून?"

"म्हणत असेल," तो म्हणाला. "लक्ष नाही गेलं." त्याचं सगळं लक्ष आपलं वाक्य बरोबर आलं की नाही इकडे.

हसण्याची नवलाई पोराटोरांना किती दिवस पुरणार? बटण मोठी होत होती. म्हातारा अडखळत अडखळत तेच तेच विचारतो, शाळा कशी आहे, काय जेवलीस. तिने सुधारणं सोडलं, मग हसणं सोडलं. फोन आटोपशीर व्हायला लागले. दोन रविवार ती खेळायला गेली होती. तिथल्या शिकवणाऱ्याने दादाला सांगितलं, आता तुम्ही जा, तुम्हाला पुष्कळ येतं. दादा म्हणाला, अजून एक पायरी राहिलीय, ती करतो. मी इकडून ओरडले तेव्हा म्हणाला, "वजनं टाकून बघितल्याशिवाय नाही." मी फोन आपटला. त्याला काही झालं नाही, माझाच फोन फुटला.

शेवटी तो गेला. यापुढचं मला त्याने परत आल्यावर सांगितलं, मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा, खाली मान घालून.

सुनेचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि त्या जुन्या इमारतीला लिफ्टच नव्हती. तो दर मजल्यावर थांबत, मनातल्या मनात वाक्य घोकत वर चढला. दार बटणनेच उघडलं. उंच झालेली, पुढचे दात आलेले, कपाळ हुबेहूब भाच्याचं. दादाने घोकलेलं वाक्य बिनचूक म्हटलं. ती म्हणाली, "नमस्कार. आई आत आहे." त्या भाषेत परक्या मोठ्या माणसाशी जसं अदबीने बोलतात तसं.

तेव्हा दादाला राहवलं नाही. तो आपल्या भाषेत म्हणाला, "काय म्हणता, बटणबाई?" आणि मान तिरकी केली.

पोरीने मागे वळून आईकडे बघितलं. सून म्हणाली, "तुझ्या बाबांची भाषा आहे ती." बटणने खांदे उडवले. "मला नाही येत ती," ती म्हणाली. हे सगळं तिच्या भाषेत, आणि दादाला सगळं कळत होतं. त्यासाठीच तर इतके महिने घातले होते.

पुढचे दिवस तो रोज दुपारी जात राहिला. बटण शेजारी बसायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची, मग अभ्यास आहे म्हणून उठून जायची. तिने काही वावगं केलं नाही. सून मात्र त्याच्याशी भरभरून बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांच्या मध्ये कुणी नव्हतं. एके दुपारी, बटण बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत असताना, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दादाने तिला विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं?"

सुनेने सांगितलं. भाचा खड्ड्यात पडून बराच वेळ जिवंत होता. लिफ्टच्या दाराची किल्ली सापडत नव्हती. तो आतून ओरडत होता, आपल्या भाषेत, त्यामुळे वरच्यांना कळत नव्हतं काय म्हणतोय ते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दादा म्हणाला, "मला वाटत होतं लगेच झालं."

"असं कोण म्हणालं?" सुनेने विचारलं. "मी त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं तुम्हाला. काहीच लपवलं नाही. तुम्ही इतकं शांतपणे ऐकलंत, मला वाटलं तुम्ही फार धीराचे आहात."

मग तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात धरला. दोघंही बाहेरच्या खोलीकडे बघत राहिले. टीव्हीचा आवाज येत होता आणि सोफ्याच्या पाठीवरून बटणच्या केसांचा शेंडा तेवढा दिसत होता. सहा वर्षांच्या पोरीने ते सगळं ऐकून घेतलं होतं आणि आजोबापर्यंत येऊ दिलं नव्हतं. ज्या ओझ्याखालून तिला काढायला हा भाषा शिकला, ते तिने केव्हाच उचलून कुठेतरी ठेवून दिलं होतं, आणि ज्या भाषेत ते आमच्यापासून लपवलं ती भाषाही.

"तिच्याशी बोललास का मग त्याबद्दल?" मी विचारलं.

"काय बोलणार? त्याच संध्याकाळी मी निघताना दाराबाहेर वाकून बूट घालत होतो. आत ती आईला विचारत होती, 'ते उद्यापण येणार आहेत का?'"

मी हातातला सदरा खाली ठेवला.

"आणि तू?"

"दुसऱ्या दिवशी फोन केला सूनबाईला. म्हटलं, बरं वाटत नाही, आज येत नाही. एकही चूक झाली नाही बोलताना." तो जरासा हसला, आणि ते हसणं मला बघवेना. "तिथल्या भाड्याच्या खोलीत बसून राहिलो. निघायच्या दिवशी जाऊन भेटून आलो. तिने हात मिळवला."

मी सांगितलं होतं तुला, हे वाक्य माझ्या जिभेवर वर्षभर तयार होतं. ते मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच. उठून त्याच्यासाठी चहा टाकला आणि त्याच्याकडे पाठ करून रडून घेतलं.

आता पुन्हा रविवारी फोन होतो. सून दादाशी बोलते, खूप बोलते, तिला तो जवळचा वाटतो. बटण मध्येच येऊन हात हलवते. परवा मला राहवलं नाही. मी दादाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "काय गं बटण, ओळखलंस का? मी आत्याआजी. तुझा दात पडला तेव्हा तू मला दाखवला होतास, आठवतं?"

बटण माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे वळून काहीतरी म्हणाली. सून तिला हळूच दटावल्यासारखं बोलली. त्यावर बटण बरंच काही बोलली, भुवया आक्रसून, मध्ये एकदा हात झटकून.

"काय म्हणते?" मी दादाला विचारलं.

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणते, आत्याआजीला सांगा, सगळं आठवतं."

मी त्याला पुढे काही विचारलं नाही. "बरं," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.